वाढलेल्या बांगड्या

नोकरीतले पुष्कळ गुन्हे विसरलो, कित्येक आरोपींचे चेहरे पुसट झाले. ती घटना मात्र आजही आठवते, आणि आठवायला मोठे कारण लागत नाही. घरात कोणाची काचेची बांगडी फुटली तरी पुरते. नावे मी कोणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसे आता नाहीत, आणि जी आहेत त्यांनी पुरेसे सोसले आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात पोलीस ठाण्याचा इन्चार्ज होतो. घरी मराठी, कागदावर हिंदी आणि ठाण्यात दोन्हींची खिचडी, असा आमचा कारभार. पोळा होऊन गेला की ठाण्याला जरा उसंत मिळे, कारण धान उभे असेपर्यंत लोकांना भांडायला फुरसत नसते. अशाच एका सकाळी ठाण्याचा लेखनिक, आमचा मुन्शी, दिवसाचा रोजनामचा लिहीत बसला होता आणि पन्नाशीची एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. मुन्शीने हिंदीत विचारले, चोरी झाली की मारपीट? तिने दोन्हींना नकाराची मान हलवली आणि साहेबालेच सांगीन म्हणाली.

मी तिला आत बोलावले. बस म्हटले तरी बसली नाही.

"साहेब, माह्या पोरीच्या बांगड्या वाढल्या."

आपल्यात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत. ते अशुभ, म्हणून वाढली म्हणायचे. मीही तोच अर्थ घेतला. नवऱ्याने हात उगारला असणार आणि झटापटीत चुडा फुटला असणार, अशी तक्रार आठवड्याला एक तरी यायची. सासर कुठले म्हणून विचारले तर बाई म्हणाली, अमेरिका. मुन्शीची लेखणी थांबली. मी तिची समजूत घालू लागलो की काचेच्या बांगड्या त्या, तिकडे धुणीभांडी हातानेच करावी लागत असतील, वाढायच्याच.

"तसं नाही जी," ती म्हणाली. "फुटल्या नाही. वाढल्या. जास्त झाल्या."

आणि तिने पदराखालून दोन फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवले.

दोन्हींत तिची मुलगी होती, लुगड्यावर जाड कोट घातलेली. एकात ती बोटीच्या कठड्याला धरून उभी, मागे पाण्यात हातात मशाल घेतलेल्या बाईचा भला मोठा पुतळा. दुसऱ्यात ती कुठल्याशा गगनचुंबी इमारतीच्या गच्चीवर, हात लांब करून दूर काहीतरी दाखवते आहे. बोटीवरचा फोटो माघात आला होता, गच्चीवरचा नुकताच, पोळ्यानंतर. बोटीवरच्या फोटोत मनगटावर दोन-तीनच बांगड्या होत्या. गच्चीवरच्या फोटोत मनगट भरलेले होते.

"म्या माह्या हातानं भरल्या होत्या, लग्नात," ती म्हणाली. "फुटत फुटत कमी होईन, हे समजते. पण भरल्या कोणं? तिथं कासार कुठून आला, साहेब?"

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिले. मग तिने खरे ते विचारले.

"माही पोरगी जित्ती हाय का नाही, एवढंच सांगा."

हकिगत अशी होती. ही मंडळी सिवनी रोडवरच्या लालबर्रा गावची, घरची शेती. मुलीचा बाप आणि बालाघाटचा एक राइस मिलवाला, दोघे मूळचे रामपायलीचे लंगोटीयार. राममंदिराच्या पायऱ्यांवर बसूनच त्यांनी एकमेकांचे व्याही व्हायचे ठरवले होते, पोरे पाळण्यात असताना. मिलवाल्याचा मुलगा शिकून इंजिनिअर झाला, अमेरिकेत नोकरीला लागला, तरी त्याने बापाचा शब्द मोडला नाही. वैशाखात लग्न झाले आणि पावसाळ्याच्या आधी मुलगी विमानात बसली. लालबर्र्यात तेव्हा विमानात बसलेली ती पहिलीच.

धानाच्या कापणीत मुलीच्या बापाला लकवा झाला. एक अंग गेले, तोंड वाकडे झाले. त्यानंतर मुलीची पत्रे बंद पडली आणि फोटो सुरू झाले. दर महिन्याला मिलवाला स्वतः सिवनी रोडने मोटारीने येई, एक फोटो दोस्ताच्या हातात देई आणि सांगे की पोरगा सुनेला न्यूयॉर्क शहर फिरवतो आहे, दर सुट्टीला नवी जागा. प्रत्येक फोटोत कोट आणि कुठे ना कुठे बर्फ. ऐन उन्हाळ्यात, जेठात आलेल्या फोटोतही बर्फ होता, पण अमेरिकेत बाराही महिने बर्फच असतो असे तेव्हा लालबर्र्यात सगळ्यांना वाटे. खरे सांगायचे तर मलाही वाटत असे.

बाईने मिलवाल्याला विचारले नव्हते. नवऱ्याच्या कानावर गेले तर तो उरणार नाही ही धास्ती. औषध आणायला म्हणून ती बालाघाटला आली होती आणि दवाखान्याच्या आधी ठाण्यात शिरली होती. मी गुन्हा नोंदवला नाही, नोंदवण्यासारखे काही नव्हतेच. चौकशी करतो म्हणालो आणि फोटो ठेवून घेतले.

बेवारस प्रेत सापडले की फोटो काढायला आम्ही बाजारातल्या एका स्टुडिओवाल्याला बोलावत असू. मनगट मोठे करून नीट पाहावे म्हणून मी त्यालाच बोलावले. त्याने गच्चीवरचा फोटो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"साहब, बड़ा क्यों करना?" तो म्हणाला. "निगेटिव तो मेरे पास है।"

पोलिसात एक क्षण असा येतो की धागा हाताला लागतो आणि माणूस खूश होतो. मला त्या वेळी खुशी झाली नाही. स्टुडिओवाल्याने सांगितले की मिलवाल्या शेठजींनी पौषात विलायती कॅमेऱ्याचा एक न धुतलेला रोल आणून दिला होता. रोल धुतला, पण शेठजी प्रिंट एका वेळी एकच काढून घेत, आणि मागे स्टुडिओचा ठप्पा मारू नको असे बजावत. मोठ्या माणसाची लहर समजून तो गप्प राहिला होता. सगळे फोटो एकाच रोलमधले, म्हणजे एकाच सहलीतले. इतक्या महिन्यांचे न्यूयॉर्क आमच्या बाजारातल्या एका काळोख्या खोलीत टांगलेले होते.

मिलवाल्याला मी ठाण्यात बोलावले, पण शिपाई न पाठवता, चहाला या अशी चिठ्ठी देऊन. प्रतिष्ठित माणूस, वर्दीवाला दारात दिसला की बाजार चार गोष्टी जोडतो. तो आला, खुर्चीत बसला. मी इकडचे तिकडचे बोललो नाही. स्टुडिओवाल्याकडून काढून घेतलेले रोलमधले सगळे फोटो बांगड्यांच्या हिशेबाने टेबलावर मांडले. पहिल्यात, गच्चीवरच्यात, मनगट भरलेले, मग जाड कोटाच्या बाहीत अडकून फुटत असाव्यात तशा बांगड्या कमी कमी होत शेवटी बोटीवरचा. पूछताछीत मी एक शिकलो होतो, की प्रश्न विचारण्यापेक्षा गप्प बसणे माणसाला जास्त जड जाते. चहा निवून त्यावर साय आली. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तार खिशात घेऊनच गेलतो, साहेब," तो म्हणाला. "सांगालेच गेलतो."

नाताळच्या सुट्टीत दोघे दोन दिवस न्यूयॉर्क पाहायला गेले होते. लग्नानंतरचे ते पहिलेच फिरणे. परतताना रस्त्यावर बर्फ गोठलेला होता, गाडी घसरली. मुलगा हाड मोडून वाचला, सून जागीच गेली. मुलाने तार केली, आणि रोल धुवून पाहण्याची हिंमत होईना म्हणून तसाच बापाकडे पाठवून दिला.

तार घेऊन हा लालबर्र्याला पोचला तेव्हा दोस्त खाटेवर पडलेला. बोलता येत नव्हते, तरी व्याह्याला पाहून त्याने पहिला शब्द काढला तो मुलीच्या नावाचा.

"मंग कसा सांगू? मी म्हटलं, पोरगी खुशाल आहे. रोल आल्यावर म्हटलं, एक फोटो दाखवू, थोडा सुधरला का मंग सांगू. फोटो पाहून थो पोटभर जेवला. मंग एकाचे दोन झाले, दोनाचे चार." जरा थांबून तो म्हणाला, "आता रोलात दोनच राह्यले, साहेब. थे संपले का काय करू, ह्याच घोरात आहो."

सुतक त्याने एकट्याने पाळले होते. पहाटे वैनगंगेत डुबकी मारायची आणि मिलवर जाऊन बसायचे. सून म्हणून आणलेल्या पोरीसाठी त्याला मोठ्याने रडता आले नव्हते. मी कायद्याची पुस्तके चाळली, नियम म्हणून. यासाठी कुठलेही कलम नव्हते.

तुम्हीच सांगा साहेब, असे तो हात जोडून म्हणाला. मी नाही म्हटले. मरणाची बातमी पोलिसाने द्यावी ती बेवारसाची. ज्याचे माणूस असते त्याला त्याच्याच माणसाने सांगावे. मी त्याला जीपमध्ये बसवले आणि आम्ही लालबर्र्याला गेलो.

बाई दारातच तांदूळ निवडत होती. व्याही पहिल्यांदाच रिकाम्या हाताने उतरला, ते तिने पाहिले. सूप बाजूला ठेवले, उठली, आम्हाला पाणी दिले आणि मगच खाली बसली. त्याने कसेबसे सांगितले.  ती सुपातल्या तांदळात बोटे फिरवत राहिली.

"मी नवस बोलत राह्यली," ती म्हणाली. "तिले त घास पाह्यजे होता."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. देवाकडे तिने मुलीचे आयुष्य मागितले होते, आणि मुलीला तिकडे पितरांचा घास हवा होता. आईच्या हातून दोन्ही चुकले, तिचा काही दोष नसताना.

आता आत पडलेल्या नवऱ्याला कोण सांगणार, हा प्रश्न होता. आम्ही तिघे खाटेपाशी गेलो. समोरच्या भिंतीवर सगळे फोटो खिळ्यांनी लावलेले होते, ठाण्यात ठेवलेल्या दोन फोटोंच्या जागा तेवढ्या रिकाम्या. मी सवयीने भिंत वाचू लागलो आणि थबकलो. ते ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लावलेले नव्हते. डावीकडे भरलेले मनगट, उजवीकडे जाता जाता बांगड्या कमी. अगदी मी टेबलावर मांडले होते तसेच. पहिला खिळा रिकामा होता, आणि शेवटचाही.

हे कोणी लावले, मी विचारले. बाई म्हणाली, हेच सांगत होते. हा तिकडं लाव, तो इकडं लाव. बिमारीत माणूस चिडखोर होतो, म्हणून ती ऐकत राहिली होती. असे हलवता हलवताच तिचे लक्ष मनगटाकडे गेले होते.

खाटेवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या दोस्ताकडे. फोटो एकाच फिरण्यातले आणि त्यानंतरचा एकही नाही, म्हणजे पोरगीच नाही, हे त्याला ठाऊक होते, आमच्या सगळ्यांच्या कितीतरी आधी. मिलवाला त्याच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "तुले मालूम होतं? मंग बोलला काहून नाही?"

 वाकड्या तोंडातून शब्द एकेक करून आला.

"बोललो असतो... त फोटो... बंद झाले असते."

मिलवाल्याने त्याच्या पावलांवर डोके ठेवले आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडला. मी बाहेर येऊन जीपपाशी उभा राहिलो. वर्दीतल्या माणसाने रडू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आम्ही तो पाळत असू.

त्या वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्यांच्या श्राद्धाच्या दिवशी, बाईने माझ्या बायकोला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावले आणि स्वतः तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. तेव्हापासून आमच्या घरी बांगडी फुटली की मी बायकोला फुटली म्हण असे सांगतो. तिला ते रुचत नाही. पण ज्या शब्दाने मरण झाकले जाते तो शब्द मला नको वाटतो. दोस्ताने मायेपोटी खोटे सांगितले, बापाने मायेपोटी ते ऐकून घेतले, आणि त्या दोघांच्या मायेत आईचे रडणे अडकून पडले. नोकरीभर मी गप्प बसणाऱ्यांवर संशय घेत आलो. काही माणसे गुन्हा लपवायला गप्प बसत नाहीत, अजून थोडे मिळावे म्हणून बसतात, हे मला त्या खाटेने शिकवले.

हिवाळ्यात मुलगा अस्थी घेऊन आला. वैनगंगेवर विसर्जन झाल्यावर तो लालबर्र्याला गेला, मीही होतो. बाईने त्याला दोष दिला नाही. एवढेच विचारले, त्या गच्चीवर उभी राहून ती काय दाखवत होती? मुलगा खाली पाहत म्हणाला की वर पोचल्या पोचल्या तिने विचारले होते, लालबर्रा इथून कोणीकडे? त्याने हसून वाटेल ती एक दिशा सांगितली. तिने तिकडे बोट केले आणि म्हणाली, आता काढा फोटो.

बाई उठली. मी परत दिलेला गच्चीवरचा तो पहिला फोटो तिने भिंतीवरून काढला, नवऱ्याकडे पाहिले, त्याने मान डोलावली. मग तिने तो बाहेर ओसरीच्या भिंतीवर, दाराच्या कडेला खिळा मारून लावला, बोट घराच्या आत येईल असा.