सरजाबाईचा विसावा

सरजाबाई पहाटे गेली, तेव्हा सितारामला आधी रडू आलंच नाही. आधी आठवलं, की आपले पाय लय दुखायलेत. बायकोच्या दुखण्यापायी चार महिने पालमहून नांदेडच्या दवाखान्यात एसटीनं येरझाऱ्या घालून माणूस पार पिचून गेला होता. आता कुठं जायचं राहिलं नव्हतं. फक्त लेकीनं आईचं तोंड बघावं, एवढंच उरलं होतं.

लेक राजेश्री बंगळूरला नोकरीला. फोनवर हुंदके देत म्हणाली, "अण्णा, विमानानं हैदराबाद एका तासाचं हाय. मी येईपस्तोर मायला न्हेऊ नका."

झालं! सितारामनं त्यातला एक तास तेवढा धरून ठेवला. नांदेड गाठायला ज्याचा अर्धा दिवस मोडतो, त्याला विमानाचा हिशोब काय कळणार, कपाळ? भावकीनंही मान डोलावली. एका तासाची तर गोष्ट, थांबू.

दुपारी पुन्हा फोन आला. "अण्णा, उतरले मी. निघालेच."

आता आमच्याकडं उतरणं म्हणजे फाट्यावर उतरणं. एसटी थांबते, माणूस पिशवी घेऊन खाली येतो आणि पायी घर गाठतो. या शब्दाला दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नव्हता. थोरले चुलतभाऊ माणिकराव लगेच उठले. "उतरली ना? मग उचला. वाटंतच गाठ पडंल."

हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून सरजाबाई घरातून निघाली.

फाट्याजवळच्या लिंबाखाली गावाचा विसावा. मसणवाटेला जाताना तिरडी तिथं घडीभर टेकवायची, खांदे बदलायचे आणि पुढं चालायचं, अशी रीत. तिरडी टेकवली. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. सितारामनं फोन लावला.

"बाई, कुठं हाईस?"

"गाडीत, अण्णा. हैदराबादच सुटंना झालंय. यायला सांज होईल."

"आगं, उतरले म्हणालीस की!"

"विमानातून उतरले, अण्णा."

सितारामनं फोन ठेवून सगळ्यांना सांगितलं. माणिकराव हळूच म्हणाले, "सिताराम, उचललेलं मयत परत दारात न्हेत न्हाईत. ऊन लय हाय. उरकून घेऊ. पोरीला समजून सांगू."

त्यांचंही काही खोटं नव्हतं. सितारामनं मसणवाटेकडं बघितलं, मग सरजाबाईकडं. आणि तिच्या उशाशी मातीतच बसकण मारली.

"दादा, ह्या जागंला इसावा म्हणत्यात ना? मग इसावा किती येळ घ्यायचा, ते कुणी ठरवून दिलंय का? माझ्या पायातलं बळ गेलंय. ही बी लय दमली. आमी दोघं बसतो हितं. तुमी जाऊन भाकरी खाऊन या."

कुणीही गेलं नाही. कुरकुर मात्र झाली, होणारच. शेजारच्या चांगुणाबाईनं घरून ओली चादर आणून सरजाबाईवर टाकली. ऊन सरकेल तशी माणसं सावलीला सरकत राहिली. सितारामचा हात काही तिरडीवरून निघाला नाही.

उन्हं पार कलली तेव्हा एक गाडी फाट्यावर थांबली. राजेश्री चप्पल गाडीतच विसरून धावत आली. सितारामनं उठायला बघितलं, पण उठवेना. बसल्या जागीच त्यानं सरजाबाईच्या तोंडावरची चादर बाजूला केली.

"आत्ता उतरलीस बघ, बाई," तो म्हणाला आणि दिवसभरात पहिल्यांदा ढसाढसा रडला.

पोरीचं पोटभर बघून झालं. मग डोळे पुसत तो माणिकरावांना म्हणाला, "दादा, झाला आमचा इसावा. उचला आता."