कुपवाडचं अर्ध्या आण्याचं तिकीट

जुनी टपाल तिकिटं जमवणाऱ्या पुरुषांइतकी स्वतःवर खूश असलेली माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. साताऱ्याच्या एका मंगल कार्यालयात दरवर्षी त्यांचा लिलाव भरतो. हातात चिमटे, गळ्यात भिंगं आणि चेहऱ्यावर असा रुबाब, की इंग्रजांनी जाताना राज्य यांच्याच हवाली केलं असावं. बाई दिसली की पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" मिस्टर वारले, त्यांचे अल्बम आता मी सांभाळते, हे मी दरवर्षी सांगते आणि ते दरवर्षी विसरतात.

नवऱ्याच्या अल्बममध्ये एकच जागा रिकामी राहिली होती, इंग्लंडच्या राणीचा चेहरा असलेल्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाची. शेवटच्या आजारपणातही त्यांना त्या तिकिटाचीच काळजी. थोडी माझी केली असती तर बरं झालं असतं. तरी ती जागा मला भरायची होती. त्याशिवाय तो अल्बम माझ्याच्यानं मिटवत नव्हता.

यंदा ते तिकीट लिलावात आलं आणि घेतलं कुणी, तर कुपवाडच्या एका लेथवाल्यानं. यात्रेत मानाच्या नारळाची बोली लावतात तसा हा गडी वर केलेला हात खाली घ्यायलाच तयार नाही. मी थोडा वेळ टिकले आणि बोली सोडली. तिकिटातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसात फ्रेम करून लावणार म्हणाला. "बाई, खंडेनवमीला या की बघायला. कारखाना बंद असतोय."

गेले. जाताना पिशवीत मोठी, रंगीत, पक्ष्यांची तिकिटं घेतली. ती देऊन निळं मागायचं असा बेत होता. असला माणूस रंगाला भुलणारच, याची मला खात्री होती.

कारखान्यात पूजा चालली होती. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, नव्या मोटारसायकलला माळ. आणि त्याच ओळीत, पाटावर, उघडंच ठेवलेलं ते तिकीट. लेथवाल्याची बायको ताट घेऊन एकेकाला हळदकुंकू लावत येत होती. मी पुढे होईपर्यंत तिनं ओलं बोट राणीच्या कपाळावर टेकवलं.

"अहो, हे काय केलंत? मातीमोल झालं ते," मी म्हणाले.

"मशीनला लावलं, मग हिलाच न्हाई व्हय? बाईमाणूस हाय. मोकळं कपाळ बरं दिसतंय का?"

नवरा कौतुकानं तिच्याकडे बघत होता. कुंकू पसरत राणीच्या नाकापर्यंत आलं होतं. मला त्या दोघांचीही शिसारी आली.

मग ती माझ्यापुढे आली. बोट कुंकवात बुडवलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि थांबली. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या कामगाराच्या बायकोकडे वळली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या राणीचाही नवरा लवकर गेला," मी म्हणाले. "उरलेला जन्म तिनं काळ्या कपड्यांत काढला. माझ्यासारखीच ती."

"आगं बया," ती पुटपुटली. ताट खाली ठेवून लगबगीनं पाटाशी गेली आणि पदरानं राणीचं कपाळ खसाखसा पुसलं. कागद जुना आणि ओला. कुंकवाबरोबर राणीचा चेहराही पदराला लागून आला.