कसदार पाणी

शॅम्पू संपला होता, म्हणून अंगाचा साबणच तिनं केसांना फासला. पहिला तांब्या ओतणार, तोच कुणीतरी दार बडवलं.

"अहो अप्पा, छत गळतंय! माझ्या शिलाई मशीनवर धार लागलीय!" खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू कडाडल्या.

आजच! आज वाचनालयात मुलाखत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच नोकरीसाठी कुणी तिला बोलावलं होतं.

या घरात सून म्हणून आली तेव्हा बादलीवरचा पांढरा थर तिला चुना वाटला होता. घासून घासून नखं झिजली, थर जागचा हलला नाही. नळांची तोंडं बुजायची. शॉवर माणसाला सोडून भिंतीलाच आंघोळ घालायचा. गिझरची कॉइल काढली की दगडात पुरल्यासारखी निघायची. कुकर शिट्ट्या मारून थकायचा, डाळ आपली टणक ती टणकच. अप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, पालुपद ठरलेलं: "आपलं पाणी कसदार आहे. खालच्यांचं नुसतं पांचट!"

खालच्यांना पालिकेचं गोडं पाणी यायचं. वर चढायला त्याला जोर नव्हता, म्हणून वरच्या टाकीत बोअरचं. यावरून एकदा काकूंशी चांगलंच वाजलं आणि अप्पांनी घरात फर्मान काढलं: खालून थेंबही मागायचा नाही.

कपडे चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली.

"अप्पा, काय केलंत?"

"मी कुठं काय केलं? स्वयंपाकघरातल्या मोरीत नळाच्या पाइपच्या सांध्यावर तो पांढरा गठ्ठा नव्हता का? काल ॲसिड ओतलं त्याच्यावर. कसा चकाचक निघाला बघ!"

निघाला होता खरा. आतला पाइप केव्हाच सडला होता; त्या गठ्ठ्यानंच इतके दिवस गळती थोपवून धरली होती. अप्पांनी रोग घरात ठेवून वैद्याला हाकलून दिलं होतं.

"कौतुक नंतर करा, आधी कॉक फिरवा!" काकू ओरडल्या. "गिऱ्हाइकाचं कापड भिजतंय खाली!"

कॉकही क्षारानं जाम. अप्पा त्याला लोंबकळले, काकूंनी पदर खोचून जोर लावला, शेवटी पान्यानं तो फिरला. धार थांबली.

"आता बादलीभर पाण्यापुरता उघडा हो, अप्पा. डोक्यात साबण आहे माझ्या."

अप्पांनी उलटा हिसका दिला आणि कॉकची मूठच त्यांच्या हातात आली. तिघंही त्या मुठीकडे बघत राहिले.

बादलीत तळाशी होतं तेवढं पाणी तिनं डोक्यावर ओतलं. साबण निघायचा सोडून त्याचा चिकट साका झाला. केसांत बोट शिरेना.

"अगं, रुमाल बांध आणि जा," अप्पा म्हणाले. "मुलाखत डोक्याच्या आतलं बघायला घेतात."

"आणि वरचं त्यांना दिसत नाही का?" ती पहिल्यांदाच त्यांच्यावर खेकसली.

"राहू दे गं," काकूंनी संधी साधली. "कसदार आहे ना? खत म्हणून मुरू दे."

अप्पांनी तिच्याकडे डोळे वटारले: खबरदार. तिनं ते पाहिलं, आणि त्यांना वळसा घालून ती काकूंसमोर उभी राहिली.

"काकू, मला एक बादली पाणी द्या. केस धुवायचेत."