सायकलचं दावं

जुनी रोड बाईक कशी घ्यावी ते मला विचारा. फुशारकी म्हणा हवं तर. आष्ट्यापासून साताऱ्यापर्यंत कितीतरी जण माझ्या हाताखालून गेलेल्या सायकली चालवतात आणि अजून एकानंही सायकल परत आणून माझ्या दारात आदळलेली नाही. रंगाला भुलायचं नाही. चाक उचलून फिरवायचं, गिअरचे दाते झिजलेत का ते बोटानं चाचपायचं, फ्रेमच्या सांध्यांवरून नख फिरवून तडा शोधायचा. आणि आवडली तरी तोंड वाकडंच ठेवायचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण या धंद्यात लपवावंच लागतं.

माझं स्वतःचं घोडं मात्र उंचीपाशी अडलेलं. मी बुटकी. बाजारात येणाऱ्या सायकली सगळ्या उंच पुरुषांच्या. एक विकून दुसरी घ्यायची, सीट पार खाली करायची, हँडल जवळ ओढायचं, तरी इस्लामपूर येईतो मान धरायचीच. लोकांना मापाची सायकल शोधून देणारी मी, वर्षानुवर्षं परक्याच्या चपला घालून चालत होते.

पहिली सायकल विकली तेव्हा बँकेतले एक साहेब न्यायला आले होते. पैसे देऊन झाले आणि आई कात्री घेऊन बाहेर आली. हँडलवर गुंडाळलेली काळी पट्टी सरळ सोडवायलाच लागली.

"आवं, हे काय करताय?" साहेब गडबडले.

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत," आई म्हणाली. "गोठा रिकामा हुतो. तुमी तुमचं नवं बांधा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे म्हैस विकली की घेणारा आपलं दावं घेऊन येतो आणि आमचं परत खुंटीला लागतं, हे खरं. पण सायकलला? वाद घालून उपयोग नव्हता. तेव्हापासून प्रत्येक सायकल देताना जुनी पट्टी आई काढून घेते आणि नवी मी पदरच्या पैशानं बसवून देते. गोठ्यात त्या पट्ट्या दाव्यांशेजारीच लटकतात. माझ्या पिशवीत कात्री आणि एक कोरी पट्टी कायमच असते.

मग सायकलवाल्या एका मित्रानं खबर आणली. "सातारला एक रिटायर सुभेदार हैत. उंचीनं तुझ्याएवढंच. सायकल इकायची म्हंत्यात आणि आलेल्याला माघारी लावत्यात." मी रविवारी सकाळची एसटी धरली.

सुभेदारकाकांची सायकल बाहेरच्या खोलीत, धुतलेल्या चादरीखाली उभी होती. मी दाते बघितले, सांधे बघितले, सगळं रीतसर. मग वर बसले आणि माझे हात आपसूक हँडलवर जाऊन टेकले. ओढाताण नाही, खांदे वर चढलेले नाहीत. माझं तोंड काही वाकडं राहिना.

"काका, लय भारी हाय," मी बोलून गेले आणि त्यांनी सांगितलेली किंमत घासाघीस न करता कबूल केली. असला गाढवपणा मी कधी केला नव्हता.

मी उतरले, तर काकांचा हात सीटवर होता. "पुढल्या म्हैन्यात बघू," ते म्हणाले.

काकू चहा घेऊन आल्या. "दर येळी ह्येच. पाठीचं आपरेशन झालंय, असं वाकून चालवायचं न्हाई. पर सोडवत न्हाई त्यास्नी."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, रडूही आलं. इतक्या वर्षांनी अंगाला बसलेली वस्तू डोळ्यांदेखत निघाली होती. "काका, ठेवायची तर खुशाल ठेवा," मी म्हणाले, "पण माणसाला दारात बोलावून माघारी नका लावू."

त्यांनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "रोज सकाळी यवतेश्वरचा घाट चढायचो हिच्यावर. ही गेल्यावर माझ्याकडं काय ऱ्हायलं, सांग की."

पिशवीत कात्री होती. ती मी त्यांच्यापुढे धरली.

"हँडलची पट्टी सोडवून घ्या, काका. ती तुमची. आमच्यात दावं देत नाहीत."

त्यांनी आधी कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हसरं हैत व्हय तुमच्यात?"

"हाईत की."

"आमच्यातबी न्हाई देत."

त्यांना वाकायला नको म्हणून मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सायकल जवळ नेली. कात्री त्यांनी टोकालाच लावली, बाकीची पट्टी हातानंच सोडवली. अंगठा टेकायच्या जागी ती झिजून गुळगुळीत झाली होती. तिची गुंडाळी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून खिसा दाबून बघितला. मग मी माझी नवी पट्टी गुंडाळायला लागले. तेवढा वेळ चाक त्यांनी धरलं.

पैसे काकूंच्या हातात मोजून सायकल मी फाटकाबाहेर काढली, तर काका सीटला धरून बरोबर आले. आता पुन्हा "पुढल्या म्हैन्यात" म्हणतात की काय, असं मला वाटलं.

"इकशील तवा ही तुझी पट्टी काढून घे बरं का, पोरी," ते म्हणाले. "इसरू नको."

आणि त्यांनी सीटवरचा हात काढला.