फादुमाकडची मागणी

१९७१ साल. मी वीस वर्षांचा. विलायतेला निघालो, कराडच्या स्टँडवर एसटीत बसलो तेव्हा बाप खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, “कुणापुढं वाकू नको.” चौथी शिकलेल्या माणसाला एक वाक्य पुरतं. मला ते फार वर्षं पुरलं.

ब्रिस्टलच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली. बायको वारली. मुलगी मंदा एडिनबराला नर्स. तिच्याशी लग्न करायचं म्हणून बावीस वर्षांपूर्वी एक गोरा पोरगा माझ्या दारात आला. केव्हिन. एकटाच.

“तुझं वडीलधारं कोण?”

“कोणी नाही. मी कौन्सिलच्या अनाथाश्रमात वाढलो.”

आपल्यात मागणी घालायला असं एकटं कोण येतं? “माणसं घेऊन ये, मग बोलू,” म्हणालो नि दार लावलं. त्यांनी लग्न केलं, मी गेलो नाही. मंदा दिवाळीला फोन करते. जावयाशी मी त्यानंतर कधी बोललो नव्हतो. तुम्ही गावाकडची माणसं पत्रातून विचारायचात, मुलगी कशी आहे. मी लिहायचो, मजेत.

शेजारी फादुमा राहते. सोमाली, विधवा. मला अदीर म्हणते, म्हणजे काका. दुपारी तिच्याकडं चहाला जातो, वेलची घातलेला, आपल्यासारखाच. टीव्हीवर हिंदी पिक्चर चालू असतो, पण सोमालीत. हिरो, हिरॉईन, सासू, सगळ्यांना एकाच बाप्याचा आवाज. मी पहिल्यांदा हसलो, तर म्हणाली, “हसू नका. मोगादिशूत आम्ही एक शब्द कळत नसताना रडायचो. आता निदान का रडतोय ते कळतं.”

मला रडू येत नाही. मंदाच्या लग्नाचं तिला ठाऊक होतं. एकदा म्हणाली, “अदीर, तुमच्या पिक्चरमधला बाप शेवटी ऐकतोच. तुम्ही कुठल्या पिक्चरमधले?”

मी चहा संपवून घरी आलो.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीला, हिबोला, मागणी आली. त्यांच्यात मुलाकडचे म्हातारे मुलीकडच्या पुरुषांपुढं येऊन मुलगी मागतात. बायका आतल्या खोलीत. फादुमाच्या बाजूनं तिचा दीर एकटाच, म्हणून तिनं मला बसवलं. कोट घालून गेलो. समोर पाच दाढीवाले. त्यातला एक बराच वेळ बोलला. दीर माझ्या कानात सांगत होता, “मुलगा आमचा आहे, त्याची जबाबदारी आमची, असं म्हणतोय.” मग दीर हो म्हणाला. आतून बायकांचा एकच गलका उठला. हलवा आला.

मी दिराला विचारलं, “यातला मुलाचा बाप कोणता?”

“एकही नाही. त्याचं इथं कोणी नाही. हे मशिदीतले. दोघं तर त्याला परवाच भेटले.”

“मग आमचा मुलगा म्हणाले ते?”

“कोणीतरी उभं राहायला नको? एकट्याला कसं पाठवायचं?”

मला काही वाटलं नाही. हलवा गिळला, बोटं पुसली, घरी येऊन कोट टांगला.

घर कुठलं, असं तुम्ही विचारता. कराडचं आता भावाचं. हे माझं. मागायला आलेल्याला बसा म्हणतात ते घर, एवढंच मला कळतं. मी बसा म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एडिनबराला फोन लावला. केव्हिननं उचलला. मंदा ड्युटीवर आहे, म्हणाला.

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. “मला तुझ्याशीच बोलायचंय.”