उंदरानं पाडलेली सात भोकं

माझी बायको जाऊन आता आठ महिने झाले. सदऱ्याची शिवण उसवली की मीच सुई घेऊन बसतो. सून म्हणते, द्या इकडे. मी देत नाही. हे काम मला बायकोनं शिकवलं, आणि तेही माझ्याच चुकीपायी.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. आमचं गाव जंगलाला लागून, धानाचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिच्या धाकट्या भावाचं लग्न चार दिवसांवर आलेलं, नागभीडकडे. तिच्याजवळ चांगलं लुगडं एकच, गर्द हिरवं. माहेरी तिची मोठी वहिनी तोंडाची फटकळ. पोरगी जंगलात दिली, नेसायला तरी मिळते का, असं मागच्या खेपेला तिनं चारचौघींत विचारलं होतं. म्हणून बायकोला ते लुगडं नेसूनच जायचं होतं.

मी काय केलं, तर दारूसाठी दोन ओंजळी वाळलेली मोहफुलं तिच्यापासून लपवली. कुठे? त्याच लुगड्याच्या घडीत. लग्नापर्यंत ती तिथं हात घालणार नाही, असं मला वाटलं. मोहाच्या वासानं उंदीर आला आणि घडीतून आरपार कुरतडत गेला. तिनं लुगडं उलगडलं तर एकासारखी एक सात भोकं, ओळीनं, वीत-वीत अंतरावर. फुलं भुईवर सांडली.

तिनं फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. बाजाराचा दिवस लग्नानंतर येत होता, म्हणजे दुसरं लुगडं मिळणार नव्हतं. त्यात तिच्या उजव्या हाताचा अंगठा पिकलेला, सुई धरवत नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "तुमीच शिवा."

मले येत नाई, मी म्हटलं.

"लपवाले येते अन् शिवाले येत नाई?"

घरात हिरवं कापड नव्हतं. तिनं माझा लग्नातला पिवळा दुपट्टा मागितला. "उंदरानं माहं खाल्लं, आता तुमचं कापा." धागा बैलाच्या झुलीतला उरलेला, लाल. मी म्हटलं, हे तर दुरून दिसेल. ती म्हणाली, "दिसनारच हाये, तं नीट दिसू द्या."

दुपट्ट्यावर चुन्याची डबी ठेवून तिनं कोळशानं गोल आखायला लावले. ठिगळाला कोपरे ठेवले की ते आधी उचकटतात. ठिगळ भोकापेक्षा दोन बोटं मोठं, कारण कुरतडलेल्या काठाचं कापड टाका धरत नाही. कडा आत दुमडायची. धागा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. आणि ओढायचा नाही. मी कासरा ओढावा तसा ओढत होतो, कापडाला चुण्या पडल्या. पहिलं ठिगळ तिनं दोनदा उसवायला लावलं. दुसरं झाल्यावर ऐटीत उठलो, तर लुगडं माझ्यासंगं उठलं. धोतरही शिवून टाकलं होतं. तेव्हा ती हसली. तोवर दोन दिवस हसली नव्हती.

सातवं झालं तेव्हा टाके जवळपास सारखे पडायला लागले होते. जवळपास म्हणतो.

मांडवात वहिनीनं पहिल्यांदा लुगडंच हातात धरलं. मी खांबाशी उभा होतो. आता ही खरं सांगणार आणि मी सासुरवाडीच्या नजरेतून कायमचा उतरणार, हे मी धरूनच चाललो होतो. चूक माझी होती, तिनं सांगितलं असतं तर रागावताही आलं नसतं.

"हे ठिगळं कोन लावले वो, बाई?" वहिनीनं विचारलं.

"आमच्या घरी मानूस शिवते," बायको म्हणाली. "तुमच्या घरी माहा भाऊ शिवते का?"

बायका हसल्या, पण वहिनीला. मग त्यांतल्या दोघीजणी माझ्याकडे येऊन गोल कसे काढले ते विचारून गेल्या. मी चुन्याची डबी दाखवली.

मोहाचं तिनं नाव काढलं नाही. मांडवात नाही, परतताना गाडीत नाही, पुढे कधी भांडणातही नाही. दारू मी सोडली असं लिहिलं तर खोटं होईल. कमी केली. लपवून मात्र काही ठेवलं नाही.

तिचे उपकार मी तिच्या तोंडावर कधी मानले नाहीत. आमच्याकडे नवरा बायकोला तसं म्हणत नाही. म्हणायला पाहिजे होतं.