किल्लीवर चालणारा कॅमेरा

आमची गाडी मी चालवते. यांची नजर अधू झाली तेव्हा गाडी दारात नुसती उभी राहायला लागली, म्हणून मीच शिकले. आता यांना डोळ्यांच्या इंजेक्शनला अंबाजोगाईला न्यायचं, शेतात सोडायचं, आणायचं, सगळं माझ्याकडं. पुण्याला असलेल्या आमच्या पोराला याची लई धास्ती. म्हणून त्यानं आरशाखाली बसणारा तो छोटा कॅमेरा पाठवला. काही झालंच तर पुरावा राहील, म्हणाला.

आणि झालंच. मांजरसुंब्याच्या चौकात उसाची ट्रॉली मागं सरकली आणि आमचं डावं दार सोलून गेली. ट्रॅक्टरवाला उतरून मलाच म्हणतो, "मावशी, तुमी पुढं घातली की गाडी!" जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, थांबा, कॅमेऱ्यात बघू. बघते तर कॅमेरा बंद. मागच्या सीटवर जाऊबाई बसल्या होत्या, त्यांनी कॅमेऱ्याची पिन काढून त्या जागी मोबाईल चार्जिंगला लावलेला. गाडीत सॉकेट एकच. आता आपल्याकडं गाडीत बसल्या बसल्या माणूस आधी चार्जर काढतो, जाऊबाईंना काय बोलणार?

पोरानं फोनवर निक्षून सांगितलं, "आई, कॅमेरा कायम चालू पाहिजे. महिन्यानं येतो तेव्हा सगळं बघणार. तू नीट चालवत नसशील तर गाडी विकू. अण्णांना न्यायला कुणाची तरी गाडी सांगत जाऊ."

कुणाची तरी म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ज्याची गाडी, त्याच्या सवडीनं आमचे डोळे.

तेव्हा मी ठरवलं, कॅमेऱ्याला वेगळं सॉकेट करायचं, स्टिअरिंगच्या खाली, कुणाचा हात पोचणार नाही असं. मोबाईलवर व्हिडिओ बघून घेतले. त्यात एक गोष्ट सगळे बजावून सांगत होते, की किल्ली फिरवल्यावर करंट यावा आणि किल्ली काढली की जावा, अशाच जागेवरून वायर घ्यायची. सामान बीडहून मागवलं आणि धाकट्या दिरांना हाक मारली. आमचे भाऊजी विहिरीवरच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करतात. वायरमनच्या आधी लोक त्यांना बोलावतात.

भाऊजी आले ते शेतातला टेस्टिंगचा बल्ब घेऊन. होल्डरला दोन लांब वायरी, त्याच्यावर ट्रान्सफॉर्मरच्या डीपीचा कुठला फेज गेला ते बघतात. गाडीच्या फ्यूजच्या डब्यात एकेका ठिकाणी त्यांनी वायर टेकवली. बल्ब काही लागेना.

"वहिनी, गाडीत करंटच न्हाई."

"भाऊजी, आत्ताच मी ती चालवत आणली. काय ढकलत आणली काय?"

"मग बल्ब कावून लागंना?"

त्यांना पटावं म्हणून मी किल्ली फिरवली आणि वायपर सुरू करून दाखवला. मग आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं, की हा घरच्या लाईनीचा बल्ब, तो गाडीच्या बारा व्होल्टवर कसा लागणार! भाऊजींनी त्यांच्या मोटरसायकलचा मागचा छोटा दिवा काढला, त्याला वायरी जोडल्या. पहिल्याच फ्यूजवर टेकवला आणि दिवा लख्ख.

"सापडला!" भाऊजी म्हणाले. तिथूनच वायर घेतली. मध्ये फ्यूज टाकायलाही ते तयार नव्हते. "जाड तार टाकतो, कधीच उडणार न्हाई."

"उडायलाच असतो तो," म्हटलं. "उडाला न्हाई तर गाडी पेटंल."

अर्थिंगसाठी त्यांनी डॅशबोर्डखालच्या बोल्टचा रंग खरवडून वायर आवळली. मी विचारलं, "घरच्या अर्थिंगसारखा खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालायचा न्हाई का?" तर हसले आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका आता."

कॅमेरा सुरू झाला. मी गाडीवर कव्हर घातलं आणि दोन-तीन दिवस गाडीकडं फिरकले नाही.

मंगळवारी इंजेक्शनची तारीख. हे अंघोळ करून, टोपी घालून पुढच्या सीटवर बसले. मी किल्ली फिरवली तर नुसतं टक् झालं, पुढं काही नाही. आणि कॅमेऱ्याचा हिरवा दिवा मिणमिणतोय, किल्लीच्याही आधीपासून. तेव्हा ध्यानात आलं. त्या दिवशी वायपर दाखवायला म्हणून मी किल्ली फिरवली ती फ्यूज तपासून होईपर्यंत तशीच चालू राहिलेली. दिवा लागला तो किल्ली चालू असताना. किल्ली बंद करून कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही जो फ्यूज धरला तो आतल्या दिव्याचा, त्याला करंट कायम. कव्हरखाली कॅमेऱ्यानं दिवसरात्र त्या कव्हरचंच शूटिंग केलं आणि बॅटरी पिऊन टाकली.

गल्लीनं गाडी उतारावर ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये झटका दिला तेव्हा सुरू झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत नंबर शेवटचा लागला, पण लागला. वाटेत हे म्हणाले, "फोनवर पोराला यातलं काही सांगू नको."

संध्याकाळी भाऊजींना परत बोलावलं. या वेळी मी किल्ली धरून बसले. चालू, बंद. चालू, बंद. ते ओरडायचे, "लागला! ... विझला न्हाई, सोडा हा." असं करत वायपरचा फ्यूज सापडला. किल्ली चालू की दिवा लागतो, बंद की विझतो. वायर तिथं हलवली. त्या दिवसापासून किल्ली काढली की कॅमेरा झोपतो.

महिन्यानं पोरगा आला. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि पलंगावर बसून बघायला लागला. मी स्वयंपाकघरातून भाकरी थापत कान देऊन होते. कॅमेऱ्यात आवाजही येतो, हे मला कुठं माहीत!

बराच वेळ झाला आणि पोरगा हसायला लागला. मग हाक मारली.

"आई, तू गाडी बरी चालवतीस. घाई न्हाई, काही न्हाई. पण एवढ्या दिवसांत इंडिकेटर दोनदाच दिलास, टिकटिक दोनदाच ऐकू येती."

"देते की!"

"तोंडानं देतीस. हे ऐक."

आणि माझाच आवाज आला, "वळतेय रे बाबा मी, दिसत न्हाई का तुला?" काचा बंद. मोटरसायकलवाल्याला ऐकू जाणार कसं?

हे पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. म्हणाले, "तरी म्हटलं, ही कुणाशी बोलती."

पोरानं कार्ड परत बसवलं. गाडी राहू दे म्हणाला, पण हात आधी, तोंड नंतर.

आता वळण आलं की शेजारी बसून हे कान लावतात. त्यांना रस्ता नीट दिसत नाही, पण इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. नाही आली, की लगेच म्हणतात, "अगं, वाजलं न्हाई अजून."